सव्वीस मिलिमीटर

डावा कार्ब्युरेटर रात्रभर गळायचा.
सकाळी शेडच्या फरशीवर बशीएवढा डाग,
आणि मांजर नाक मुरडून
त्याला वळसा घालून जायचं.

इद्वाल म्हणाला, फ्लोट बिघडलाय.
मग म्हणाला, बिघडला नाही,
कुठे थांबायचं ते त्याला कळेनासं झालंय.
मी पंधरा वर्षांची होते,
आणि उत्तर वेल्समधल्या आमच्या गावात
मोठ्यांना दुसरा प्रश्न विचारत नाहीत.

गाव पाटीच्या दगडाचं.
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची, थडगी पाटीची.
ज्याला आम्ही डोंगर म्हणतो
तोही फोडून टाकलेल्या पाटीचा ढिगारा.
इद्वालनं तीस वर्षं पाटी फोडली :
छिन्नी टेकवायची, एक टोला,
दगड वहीसारखा उघडायचा.
आता त्याच हातांत कॅलिपर आला
की काटा जागेवर राहीना.
"तू धर," तो म्हणाला.
कारण सांगितलं नाही.
कारण स्टेशनसमोरच्या पबला माहीत होतं,
ज्याची पायरी तो एकोणीस महिने चढला नव्हता.

होंडा माझ्याहून वयानं मोठी.
तारेची कडी सरकवून वाटी उतरवली,
तळाशी तपकिरी गाळ, गॅस्केट सोलून बाजूला.
उलट्या धरलेल्या कार्ब्युरेटरवर
दोन पितळी फुगे, जुळ्या भावांसारखे.

"ही सुई. हिच्या शेपटाला बारकी स्प्रिंग आहे.
फ्लोटची जीभ तिला नुसती टेकली पाहिजे.
दाबलीस, की माप खोटं."

टेकणं आणि दाबणं.
मी नऊ वेळा तो तिरका केला,
नऊ वेळा वेगळा आकडा.
दहाव्यांदा श्वास धरला तेव्हा कळलं
की दाबत होते मीच, अंगठ्यानं,
घाईनं.

चोवीस.
त्यानं खडूनं पाटीच्या तुकड्यावर लिहिलं,
बाजूला हवं ते : सव्वीस.
मधली जागा बोटानं पुसली, उगीच.

"जीभ किती वाकवू?"
"वाकवायची तेवढी मनात वाकव.
मग हातानं त्याच्या निम्मी."

मी मनातली सगळीच वाकवली.
अठ्ठावीस.
"आता उपाशी ठेवलंस बिचारीला.
खिंडीच्या चढावर, शेवटच्या वळणावर,
घास मागेल आणि मिळणार नाही."
परत उलटी. पंचवीस. परत.
पितळ किती वेळा ऐकून घेतं
ते आधी कळत नाही, म्हणाला,
एकदाच कळतं.

त्याची बहीण मॉर्व्हिथ चहा घेऊन आली.
ओतता ओतता त्यानं कपावर तळहात धरला :
दिगॉन.
म्हणजे पुरे. आमच्याकडचा रोजचा शब्द,
साखरेला, पावसाला, पोरांच्या दंग्याला.
मॉर्व्हिथ किटली हातात घेऊन
गरजेपेक्षा जरा जास्त वेळ
त्या तळहाताकडे बघत राहिली.

सव्वीस.
पुन्हा मोजलं, सव्वीस.
वाटीच्या तळाला पारदर्शक नळी लावली,
पेट्रोल चढलं, काठाच्या खाली आलं,
थरथरलं,
थांबलं.
कुणीच काही बोललं नाही.
रात्री मी घरी गेले, तो स्टुलावर बसून राहिला,
नळीसमोर, टॉर्च मांडीवर.

सकाळी फरशी कोरडी.
इद्वाल बसल्या जागी घोरत होता
आणि मांजर डागाच्या मधोमध.

ऑगस्टमध्ये उजवा गळायला लागला.
मी कॅलिपर खिशात घालून गेले.
त्यानं दार उघडलं
तेव्हा आधी त्याचे हात बघितले,
मग फरशी.